खालच्या बारीक टाइपातलं गाणं
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यात गाण्याच्या कार्यक्रमाचं एक हँडबिल मिळालं. फोटो सोबत पाठवतोय. गवयाच्या नावाची ओळ कसरीने खाल्ली आहे. ‘शनिवार ता. १४ नोव्हेंबर रोजीं रात्रौ ९॥ वाजतां (नवा टाइम)’ एवढं वाचता येतं, साल कुठेच नाही. तिकिटं ३ रु., २ रु., १ रु. आणि ८ आणे. ‘स्त्रियांची स्वतंत्र सोय केली आहे’ असं लिहिलंय, आणि तळाला पेटी नि तबला वाजवणाऱ्यांची नावं. साल कसं काढायचं? आणि गवईच गेला, तर या कागदाचा उपयोग काय?
— पदवीचा विद्यार्थी, खानापूर

उत्तर : तुमचं हँडबिल १९४२ सालचं आहे. कसं ते सांगते, कारण ही रीत तुम्हाला पुढच्या प्रत्येक कागदाला उपयोगी पडेल.

आधी ते ‘९॥’. हल्लीची मुलं हे नऊशे अकरा असं वाचतात. जुन्या छपाईत आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे वेळ साडेनऊची. तिकिटाच्या दरातही हेच चालायचं, १॥ रु. म्हणजे दीड रुपया.

आता वार. १४ नोव्हेंबरला शनिवार आला ती सालं १९२५, १९३१, १९३६, १९४२, १९५३ आणि १९५९. मोबाइलमधल्या कॅलेंडरवर मागे जाऊन स्वतः पडताळून बघा. दर आण्यांत आहेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि त्यानंतरच्या तिकिटांवर ‘न. पै.’ (नवे पैसे) दिसू लागले, म्हणून १९५९ गळलं. ‘रोजीं’, ‘वाजतां’ यांवरचे अनुस्वारही जुन्या वळणाचे आहेत. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले १९६२ मध्ये. तरी एकट्या अनुस्वारावर विसंबू नका, कारण जुने कंपोझिटर हाताला बसलेलं वळण पुढेही बरीच वर्षं सोडत नव्हते.

राहता राहिला कंसातला ‘नवा टाइम’, आणि सगळा उलगडा त्याच्यातच आहे. युद्धकाळात सरकारने देशाची घड्याळं एक तास पुढे केली होती, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. एरवी पत्रकांवर ‘स्टँ. टा.’ (स्टँडर्ड टाइम) असं असायचं, कारण मुंबईचा स्वतःचा टाइम वेगळा होता आणि लोक गोंधळायचे. ‘नवा टाइम’ हा युद्धातला. त्या तीन वर्षांत शनिवारी आलेला १४ नोव्हेंबर एकच, १९४२ चा. तरीही त्या आठवड्याची वृत्तपत्रं मिळाली तर जरूर चाळा. बेळगावचं ‘तरुण भारत’ बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलं. जिथे जिथे त्याच्या जुन्या फायली असतील तिथे जाहिरात किंवा छोटी बातमी हाती लागण्याची शक्यता असते. गवयाचं नावही कदाचित तिथेच मिळेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मला याच्यावरच जास्त बोलायचं आहे.

उमेदीची सगळी वर्षं मी ग्रंथालयात काढली आणि संध्याकाळी पेटी शिकले. गाण्याच्या इतिहासासाठी येणारा जवळजवळ प्रत्येक जण पत्रकावरचं मोठ्या टाइपातलं नाव उतरवून घेतो आणि कागद खाली ठेवतो. मोठी नावं कुठेही मिळतात. त्यांच्या चरित्रात मिळतात, ध्वनिमुद्रिकांवर मिळतात, गौरवग्रंथात मिळतात. आपल्या भागात गाणं कसं रुजलं, ते मात्र तळाच्या बारीक टाइपात असतं आणि ते दुसरीकडे कुठेही मिळत नाही. तुमच्या कागदावर कसरीने मोठं नाव खाल्लं आणि बारीक टाइप ठेवला. म्हणजे जे पुन्हा मिळवता येईल ते गेलंय, जे मिळालं नसतं ते शिल्लक आहे.

बघा काय काय आहे. ‘स्त्रियांची स्वतंत्र सोय’ म्हणजे बायका येणार हे आयोजकांनी धरलं होतं, आणि वेगळी बैठक केल्याशिवाय घरून सोडणार नाहीत हेही त्यांना ठाऊक होतं. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करू लागल्या होत्या, तरी ऐकायला येणाऱ्या बाईला अजून पडद्याची बाजू लागत होती. दर ८ आण्यांपासून ३ रुपयांपर्यंत, सहापट फरक. पुढे कोण बसलं आणि मागे कोण, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. आणि साल बघा. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ सुरू झालेलं, बेळगाव जिल्ह्यात ते चांगलंच पेटलेलं, घड्याळ सरकारने पुढे ढकललेलं, कागदाची टंचाई. तुमच्या फोटोत कागद इतका पातळ आहे की मागची अक्षरं पुढे उमटली आहेत. तरी रात्री साडेनऊला माणसं गाण्याला बसली. हे सगळं गवयाच्या नावाशिवायही कळतं आहे.

फोटोत कागदाचा खालचा काठ घडीत गेलाय, तो उलगडून बघा. तिथे मुद्रकाचं आणि छापखान्याच्या गावाचं नाव असणार. १८६७ च्या कायद्याने ते छापणं सक्तीचं होतं. बरेचदा त्याच्याच वर ‘तिकिटें मिळण्याचीं ठिकाणें’ अशी ओळ असते. वाद्यांचं दुकान, औषधांचं दुकान, एखादं हॉटेल, एखाद्या वकिलाचं घर. ही यादी म्हणजे त्या गावातल्या गाणंवेड्या माणसांची यादी. तीन-चार पत्रकांवर तेच दुकान आलं की समजावं, गावातलं गाणं त्या दुकानदाराच्या जोरावर चालत होतं. अशा दुकानदाराचं चरित्र कोणी लिहिलेलं नसतं.

म्हणून कागद उतरवताना अक्षर न् अक्षर उतरवा, अनुस्वारासकट. साथीदारांची नावं वेगळ्या वहीत घ्या, त्यांच्यापुढे वाद्य आणि तारीख लिहा. वही भरत जाईल तसं दिसेल की मोठे गवई येत होते आणि जात होते, पेटी-तबल्याची नावं मात्र वर्षानुवर्षं तीच आहेत. कार्यक्रम झाल्यावर गावात राहणारं, पोरांना शिकवणारं गाणं त्यांचं होतं.

प्रश्न : आमचे आजोबा पेटी वाजवत. १९३० च्या दशकातल्या दोन-तीन कार्यक्रमपत्रिकांवर त्यांचं नाव आहे. त्यानंतरच्या रेडिओच्या कार्यक्रमांच्या जुन्या अंकांत मी खूप शोधलं, एकदाही सापडलं नाही. त्यांनी वाजवणं सोडलं असेल का?
— गृहिणी, निपाणी

उत्तर : नाही हो! रेडिओवर नाव नाही यावरून तसं मुळीच धरू नका. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत राहिली. वाद्य परदेशी आहे, त्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही, पट्ट्यांचे सूर बांधलेले आहेत, असे आक्षेप होते आणि ते घेणारे लोकही मोठे होते. या तीस वर्षांत रेडिओवर गवयामागे सारंगी किंवा व्हायोलिन असायचं. तोच गवई दुसऱ्या दिवशी गावात गायला बसला की मागे पेटीच.

त्यामुळे पेटीवाल्यांच्या बाबतीत रेडिओचे कागद आणि मैफलीचे कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि तुमच्या आजोबांचा पुरावा मैफलीच्या कागदात आहे. आपल्या भागाला ही बंदी जास्त लागली, कारण पेटी हे बेळगावचं वैभव. विठ्ठलराव कोरगावकर इथले, आणि रामभाऊ विजापुरेही इथेच शिकवत राहिले. रामभाऊंचा जन्म १९१७ चा, कागवाडचा. ऐन पंचविशी ते पन्नाशीची त्यांची वर्षं या बंदीच्या काळात गेली. त्या काळातली त्यांची पेटी आज कागदावर बघायची, तर ती रेडिओच्या अंकात कशी असेल? ती गणेशोत्सवाच्या पत्रकात, गुरुपौर्णिमेच्या निमंत्रणात, एखाद्या शाळेच्या मदतीसाठी केलेल्या कार्यक्रमाच्या तिकिटावर शोधायला हवी. आजोबांचंही तिथेच शोधा. १९४० नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या पत्रिका घ्या, आणि पत्रिका नसतील तर मंडळांचे जमाखर्च. ‘पेटीवाले यांस बिदागी’ अशी नोंद मिळाली तरी तो पुरावाच.

आणि आजोबांनी नाटक कंपनीत ऑर्गन वाजवला असेल का, तेही घरात विचारा. संगीत नाटकांत ऑर्गनची साथ असे, आणि पेटी वाजवणारे बरेच जण दोन्ही वाजवत.

प्रश्न : जुन्या पत्रिकांत गवयाने कोणते राग गायले ते कधीच छापलेलं नसतं. मग गाण्याचा इतिहास त्यातून कसा कळणार?
— संगीत शिक्षक, बेळगाव

उत्तर : आपल्याकडे गवई काय गाणार हे बैठकीत ठरतं, त्यामुळे आधी छापायचा प्रश्नच नव्हता. पत्रिका म्हणजे योजना. प्रत्यक्ष काय झालं, गवई आला की नाही, किती वाजता संपलं, हे तिच्यात नाही. मात्र जुन्या पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलंय का, हे बघायला विसरू नका. ऐकणारे जाणकार घरी जाऊन राग टिपून ठेवत. मला एका पत्रिकेच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘पूरिया – विलंबित फार वेळ. मध्यंतर, चहा. मग बागेश्री. ठुमरी झाली नाही, लोक नाराज’ असं मिळालं होतं. तारीख पुढच्या बाजूला होतीच. असा कागद सोन्याच्या भावाचा. दुर्दैव असं की स्कॅन करणारे फक्त पुढची बाजू स्कॅन करतात. तुमच्या वाचनालयात स्कॅनिंग चालू असेल तर दोन्ही बाजू घ्या म्हणून हट्ट धरा.

रागांसाठी रेडिओचे कागद उत्तम. आकाशवाणीचं ‘दि इंडियन लिसनर’ डिसेंबर १९३५ पासून निघू लागलं, आणि त्यात कलाकार, वेळ, बरेचदा राग किंवा चीजेची पहिली ओळ छापलेली असते. त्याचे स्कॅन केलेले जुने अंक इंटरनेटवर बघायला मिळतात. आपल्या भागासाठी धारवाड केंद्र महत्त्वाचं, ते १९५० मध्ये सुरू झालं. एखादा गवई धारवाडला रेडिओसाठी आला की त्याच फेरीत हुबळी, बेळगाव, कोल्हापूरकडे त्याच्या बैठका झाल्यात का, हे तारखा शेजारी ठेवून तपासण्यासारखं आहे.

प्रश्न : आमच्या शहापुरात छापलेल्या एका जुन्या पत्रकावर ‘शहापूर, सांगली संस्थान’ असं आहे. शहापूर तर बेळगावातच आहे. छपाईची चूक का?
— व्यापारी, शहापूर

उत्तर : चूक नाही. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. रस्ता ओलांडला की राज्य बदलत होतं, कर बदलत होता, परवानगी देणारा अधिकारी बदलत होता. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात करमणूक कर आला. म्हणून बेळगावच्या आणि शहापूरच्या पत्रकांवरचे तिकीटदर आणि ‘कर निराळा’ ही ओळ शेजारी ठेवून बघा, मोठा मजेदार अभ्यास होईल. रायबाग तसंच कोल्हापूर संस्थानात होतं आणि रामदुर्गाचं स्वतःचं संस्थान होतं. तेव्हा आज एका जिल्ह्यात असलेल्या गावांचे कागद चार ठिकाणी विखुरलेले आहेत. रायबागचं काही हवं असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जावं लागतं.

पत्त्यातलं राज्य साल काढायलाही कामी येतं. ‘मुंबई इलाखा’ असेल तर स्वातंत्र्याच्या आसपासचं किंवा त्याआधीचं. १ नोव्हेंबर १९५६ नंतर ‘म्हैसूर राज्य’, १९७३ च्या नोव्हेंबरपासून ‘कर्नाटक’. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. पत्रकात शकाचं साल असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा कार्यक्रम असेल तर ७९. शके १८५७, युवा नाम संवत्सर, म्हणजे १९३५-३६.

प्रश्न : माहेरच्या ट्रंकेत संगीत नाटकाच्या पदांची छोटी पुस्तकं मिळाली. काही पदांवर ‘चाल’ म्हणून चक्क कानडी गाण्याची ओळ दिलीय. मराठी नाटकात कानडी कशी? आणि ही पुस्तकं फार ठिसूळ झालीत, चिकटवून ठेवू का?
— निवृत्त परिचारिका, सौंदत्ती

उत्तर : तुमच्या तालुक्यातूनच हा प्रश्न यावा याचा फार आनंद झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ मध्ये गुर्लहोसूरचा, आणि १८८५ मध्ये त्यांचं निधनही तिथेच झालं. त्यांनी बेळगावात नोकरी केली, नाटकाचा नाद इथेच जोपासला, आणि ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. ज्या मुलखात ते वाढले तिथे घरात मराठी, बाजारात कानडी, रात्री गावात पारिजाताचा खेळ. ‘श्रीकृष्ण पारिजात’ हा लोकनाट्याचा प्रकार बेळगाव जिल्ह्याचाच. कुलगोड तम्मण्णा आणि कौजलगी निंगम्मा ही त्यातली मोठी नावं. त्या चाली किर्लोस्करांच्या कानात नसत्या तरच नवल.

तेव्हा स्वरलिपी छापण्याची पद्धत रुळलेली नव्हती. ‘चाल अमुक’ एवढं लिहिलं की म्हणणाऱ्याला पुरत असे, कारण ती चाल त्याला येत होती. म्हणजे ती ओळ तुम्हाला सांगते की त्या वेळी मराठी नटाला आणि प्रेक्षकाला कोणतं कानडी गाणं तोंडपाठ होतं. माझ्या मते आपल्या सीमाभागाच्या संगीताचा याच्याइतका जुना आणि स्वच्छ छापील पुरावा दुसरा नाही. प्रत्येक पदाची चाल एका कागदावर उतरवा, आणि शेजारपाजारच्या म्हाताऱ्या कानडी बायकांना त्या ओळी म्हणून दाखवा. एखादीला अजून येत असेल तर मोबाइलवर लगेच रेकॉर्ड करा. हे काम पुस्तकं जपण्याहूनही तातडीचं.

पुस्तकं चिकटवू नका. सेलोटेप नको, फेविकॉल नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. टेपचा डिंक पिवळा पडून अक्षरात उतरतो. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा, पानं कोरड्या मऊ ब्रशने झटका, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात आडवी ठेवा. पावसाळ्यात ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नका. ओलसर गठ्ठा असेल तर ओढून सोडवायला जाऊ नका, पंख्याखाली सावलीत आपोआप सुटू द्या. उन्हात घालू नका. काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने.

प्रश्न : मी सीमाभागातल्या जुन्या संगीत कार्यक्रमांची यादी करते आहे. एकच माणूस एका ठिकाणी ‘विजापुरे’, दुसरीकडे ‘बिजापुरे’. शिवाय गठ्ठ्यांत कानडी पत्रकंही आहेत. मला कानडी वाचता येत नाही, म्हणून ती बाजूला ठेवली. चालेल का?
— शाळेतील शिक्षिका, चिकोडी

उत्तर : नाही चालणार. बाजूला ठेवलीत तर निम्मी यादी जाईल. आपल्याकडचा गवई सकाळी कानडी मठात आणि रात्री मराठी गणपतीपुढे गायलेला आहे. नुसती मराठी पत्रकं घेऊन केलेली यादी बघणाऱ्याला वाटेल, हा माणूस वर्षातून चारदाच गायला.

नावांसाठी प्रत्येक कलावंताचं एक कार्ड करा आणि सगळी रूपं त्यावर लिहा. नावं फार बदलतात. सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकळी लहानपणीच ‘कुमार गंधर्व’ झाले, तेव्हा दोन्ही नावं शोधा. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्या स्वागतगीत गायल्या. वय अकरा. अशा मुलीचं नाव छापलं असेलच असं नाही, म्हणून ‘शाळेच्या मुली स्वागतपद्य म्हणतील’ अशा ओळीही यादीत घ्या. उलट बाजूने, नावामागे ‘पद्मश्री’ दिसली की साल आवळता येतं. मल्लिकार्जुन मन्सूरांना ती १९७० मध्ये मिळाली, पद्मभूषण १९७६ मध्ये. नुसतं ‘पद्मश्री’ लिहिलेलं पत्रक बहुधा या दोहोंच्या मधलं.

‘जलसा’ या नावाखालीही शोधा. जुन्या पत्रकांत गाण्याच्या बैठकीला सर्रास जलसा म्हणत. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसे त्याच शब्दाने येतील. ते वेगळ्या प्रकारचे, पण तेही इथलंच संगीत आहे. यादीत ठेवा, प्रकार वेगळा लिहा.

आणि कानडीचं म्हणाल तर आधी फक्त दहा आकडे शिका, त्याला एक संध्याकाळ पुरे. तारीख, वेळ आणि तिकिटाचा दर तुमचा तुम्हाला लागेल. मग वारांची आणि महिन्यांची नावं. एवढ्यावर कानडी पत्रकं तारखेप्रमाणे लावून होतील. नावं वाचायला तुमच्याच शाळेतल्या कानडीच्या बाईंना मधल्या सुट्टीत शेजारी बसवा आणि यादीत त्यांचंही नाव घाला.